मोटारहोमचं ऑईल बदलणं: दर वर्षीची तीच कटकट, आणि ती कमी कशी करायची

मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बाळगणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. गाडी वर्षभरात जेमतेम पाच-सहा हजार किलोमीटर फिरलेली, ऑईलची पातळी मोजायची पट्टी काढून बघावं तर ऑईल अजून बरं दिसतंय, तरी मॅन्युअल म्हणतं बारा महिने झाले, बदला. कारचं ऑईल अर्ध्या तासात बदलून देणारं गॅरेज गाडीकडे बघूनच हात जोडतं. ट्रकचं वर्कशॉप घेतं, पण तारीख पुढच्या आठवड्याची देतं आणि बिल असं हातात ठेवतं की इंजिनच बदललं की काय असं वाटावं. एवढं करून गाडी घरी आणली की पातळी वरच्या खुणेच्याही वर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यात खरं तर चार वेगवेगळे प्रश्न एकात गुंतलेत. बिल कशाचं लागतं, गाडी न्यायची कुठे, बदलायचं कधी आणि भरायचं नेमकं किती. पहिल्या तिन्हींवर लोक तासन्‌तास बोलतात. चौथ्याकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडतो तो चौथाच. त्यामुळे त्यावर जास्त लिहिलंय. बाकीचं लागेल तेवढंच.

बिल एवढं का येतं

पहिलं कारण उघड आहे. ऑईलच जास्त लागतं. लहान कारचं साडेतीन-चार लिटरात भागतं. फोर्डचं ७.३ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, जे आज अमेरिकेत बनणाऱ्या बऱ्याच मोटारहोममध्ये असतं, साधारण साडेसात लिटर घेतं. मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनचं तीन लिटरचं व्ही-६ डिझेल इंजिन आकाराने लहान, पण त्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाशी ऑईल साठतं त्या टाकीत, साडेबारा लिटर जातं. मागे इंजिन असलेल्या मोठ्या डिझेल गाड्यांत कमिन्सचं ८.९ लिटरचं इंजिन असेल तर वीस लिटरच्या पुढचा हिशेब, आणि १५ लिटरचं असेल तर चाळीसच्याही वर. एवढं ऑईल एक-एक लिटरच्या डब्यातून ओतलं की बिल फुगणारच. वीस लिटरची बादली घेतली तर लिटरमागचा दर चांगलाच उतरतो. वर्कशॉपवाले तर २०८ लिटरच्या पिंपातून काढतात, पण बिलावर दर पुष्कळदा सुट्या डब्याचाच लागतो. तो आधी विचारून घ्यायला संकोच कसला?

दुसरं कारण मजुरी. जुनं ऑईल सोडायचा चेंबरचा नट काढायला दोन मिनिटं, नटापर्यंत पोचायला पाऊण तास. पुढे इंजिन असलेल्या गाडीत केबिनमधलं कव्हर काढावं लागतं, मागे असलेल्या गाडीत कधी पलंगाखालची झाकणं उचलावी लागतात, आणि फिल्टर अशा जागी असतो की हात जातो तिथे नजर जात नाही. गाडी बांधणाऱ्यांनी चॅसिस घेतली, वर घर उभारलं. मिस्त्री कुठून हात घालणार याचा विचार त्यांनी नेहमीच केलेला नसतो. मिस्त्री तासाप्रमाणे पैसे लावतो, त्यात त्याची काही चूक नाही.

तिसरं कारण मात्र तुमच्या हातात आहे. तुम्ही सांगता "ऑईल चेंज", आणि कार्डावर लिहिलं जातं "सर्व्हिस". डिझेल मोटारहोमच्या सर्व्हिसमध्ये डिझेल फिल्टर, पाणी वेगळं करणारा फिल्टर, एअर फिल्टर, ग्रीसिंग, कूलंटची तपासणी असं सगळं येतं. यातलं बरंचसं गरजेचं असतं, पण दर वेळी सगळंच नसतं. डिझेल फिल्टर वेळेवर बदलाच, कारण तो टाळून वाचलेले पैसे इंजेक्टर एका फटक्यात परत घेतो. एअर फिल्टरच्या डब्यावर बऱ्याच मोठ्या गाड्यांत एक छोटा दर्शक असतो, फिल्टर किती तुंबलाय ते तो दाखवतो. तो हिरव्यात असताना आणि फिल्टर जुनापुराणा नसताना तो महागडा डबा का बदलायचा? इंजिन फ्लश आणि ऑईलमध्ये घालायच्या बाटल्या यांना मी सरळ नाही म्हणतो. चांगल्या ऑईलमध्ये लागतं ते सगळं आधीच असतं.

ऑईल निवडताना ब्रँडवर वाद घालण्यापेक्षा डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा. डिझेलसाठी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा सीके-४ हा दर्जा डिसेंबर २०१६ पासून आहे आणि जुन्या सीजे-४ किंवा सीआय-४ च्या जागी तो चालतो. त्याच दिवशी आलेला एफए-४ मात्र वेगळा आहे. ते ऑईल मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं आणि ज्या इंजिनाच्या कंपनीने परवानगी दिली आहे तिथेच वापरायचं. दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात, तेव्हा उचलताना बघा. स्प्रिंटरसारख्या डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीला मर्सिडीजचा २२९.५१ किंवा २२९.५२ असा आकडा डब्यावर हवाच. अशा ऑईलमध्ये राख कमी असते. जास्त राखेचं ऑईल वापरलं तर ती राख डीपीएफमध्ये जाऊन बसते, आणि काजळीसारखी ती जळून जात नाही. ऑईलवर वाचवलेले पैसे मग डीपीएफवर जातात.

गाडी न्यायची कुठे

कारचं गॅरेज नाही म्हणतं त्याला तीन कारणं असतात. दरवाजाची उंची, लिफ्टची ताकद आणि आतली जागा. मोठं मोटारहोम साडेतीन मीटरच्या वर उंच असतं, एसी धरला तर आणखी. दोन खांबांच्या नेहमीच्या लिफ्ट तीन-चार टनांच्या आसपास उचलतात, आणि फोर्डच्या ई-४५० चॅसिसवरच्या गाडीचं कमाल वजनच साडेसहा टन असतं. त्यामुळे तिथे चकरा मारण्यात अर्थ नाही. जिथे खड्डा आहे, म्हणजे ट्रक, बस, व्हॅन यांचं काम चालतं, तिथे थेट जा. स्प्रिंटर किंवा फियाटच्या डुकाटो व्हॅनवर बांधलेल्या गाडीला माल वाहणाऱ्या व्हॅनचं वर्कशॉप उत्तम. त्यांच्यासाठी ती रोजचीच गाडी, फक्त वर डबा मोठा.

फोनवर "मोटारहोम आहे" एवढंच सांगितलं तर पलीकडचा माणूस घाबरतो. त्याऐवजी असं काहीतरी बोला: "नमस्कार, माझी गाडी कमिन्सच्या ६.७ डिझेलवर आहे, लांबी अकरा मीटर, उंची पावणेचार, वजन बारा टन. खड्ड्यावर घेता येईल का? ऑईल सीके-४, १५डब्ल्यू-४०. फिल्टरचा नंबर माझ्याकडे आहे, सांगू का?" समोरचा साहजिकच विचारतो, "फिल्टर तुम्ही आणणार की आम्ही द्यायचा?" इथून पुढे बोलणं कामाचं होतं. स्वतःचं ऑईल आणि फिल्टर आणलेलं चालतं का, चाललं तर मजुरी वाढते का, आणि त्याच फेरीत गाडीतल्या घराला वीज देणाऱ्या जनरेटरचंही करतात का, हे तीन प्रश्न त्याच फोनवर विचारा. जनरेटरला हात न लावणारी वर्कशॉप पुष्कळ आहेत, आणि हे तिथे पोचल्यावर कळलं की दुसरी फेरी आलीच.

जागेवर येऊन काम करणारे मिस्त्रीही असतात. मजुरी थोडी जास्त घेतात, पण जाण्यायेण्याचं डिझेल आणि गेलेला दिवस धरला तर बहुतेकदा तेच परवडतात. फक्त गाडी जिथे उभी करता तिथे ऑईलचं काम चालतं का, हे जागेच्या मालकाला आधी विचारा.

बदलायचं कधी

"गाडी फिरलीच नाही, मग ऑईल खराब कसं होईल?" हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आवडणारं नाही. लिटरभर इंधन जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. ते बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरातून जातं, पण थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. त्याच्या जोडीला न जळलेलं इंधन, काजळी आणि आम्ल. लांब पल्ल्यावर ऑईल चांगलं तापतं तेव्हा हे पाणी उडून जातं. पार्किंगमध्ये "जरा चालू ठेवू" म्हणून दहा मिनिटं इंजिन घरघरवत ठेवलं तर ऑईल पुरतं तापतच नाही, पाणी मात्र तयार होत राहतं. उभ्या गाडीचं इंजिन अधूनमधून असं चालू करण्याची सवय सोडलेली बरी. चालवायचीच असेल तर रस्त्यावर काढा आणि अर्धा-पाऊण तास नीट फिरवा.

म्हणून वर्षातून एकदा बदलणं हे किलोमीटर कितीही कमी असले तरी मला पटतं. वेळ मात्र नीट साधा. बरेच जण फिरण्याचा हंगाम सुरू होण्याआधी बदलतात. त्याऐवजी हंगाम संपल्यावर, गाडी उभी करण्याआधी बदला. नाहीतर आम्ल आणि पाणी असलेलं जुनं ऑईल महिनोन्‌महिने बेअरिंगना चिकटून बसतं. पैसे तेवढेच, फायदा जास्त. शिवाय तेव्हा वर्कशॉपमध्ये गर्दी नसते, तारीखही लवकर मिळते.

ज्यांना वर्षाचा नियम खटकतो त्यांनी अंदाज बांधण्यापेक्षा ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. रिपोर्टमध्ये लोखंड, तांबं, शिसं यांचे आकडे इंजिनाची झीज सांगतात. सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय, सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं तर कूलंट कुठूनतरी झिरपतंय अशी शंका घ्यायची. ऑईलमध्ये आम्ल मारण्याची ताकद किती उरली आहे हेही कळतं. वीस-पंचवीस लिटर ऑईल घेणाऱ्या इंजिनाला ही तपासणी परवडते. साडेसात लिटरच्या पेट्रोल इंजिनाला ऑईलच बदलून टाकणं सोपं. नमुना घेताना ऑईल गरम हवं आणि धारेच्या मधलं हवं. पहिलं गाळाचं किंवा शेवटचं तळाचं घेऊ नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर रिपोर्ट कितीही चांगला आला तरी मॅन्युअलमधली मुदत पाळा.

एका लक्षणावर मात्र रिपोर्टची वाट बघायची नाही. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत ऑईलची पातळी आपोआप वाढताना दिसली आणि पट्टीला डिझेलचा वास आला, तर डिझेल ऑईलमध्ये उतरतंय. डीपीएफ स्वतःला साफ करायला जास्तीचं डिझेल वापरतो. काही इंजिनांत ते सिलिंडरमध्येच सोडलं जातं, आणि छोट्या छोट्या फेऱ्यांत साफसफाई अर्धवट राहिली की त्यातलं थोडं खाली चेंबरमध्ये जातं. ऑईल पातळ होतं, बेअरिंगवरचा थर तुटतो. लगेच बदला, आणि पुढची फेरी लांब पल्ल्याची करा.

भरायचं किती: सगळ्यात दुर्लक्षित दुखणं

आता मूळ मुद्दा. इंजिन कमिन्सचं असतं, कॅटरपिलरचं असतं, पण ऑईलची पट्टी आणि तिची नळी पुष्कळदा मोटारहोम बांधणाऱ्याने आपल्या सोयीने बसवलेली असते. इंजिन पलंगाखाली, पट्टी मागच्या दारात. मग नळी लांबवायची, वाकवायची, आणि पट्टी तिच्या मापाची घालायची. त्या पट्टीवरच्या दोन खुणा खऱ्या पातळीशी जुळतीलच याची खात्री नसते. त्यात एकाच इंजिनाला वेगवेगळ्या आकाराचे चेंबर येतात, त्यामुळे मॅन्युअलमधला आकडा तुमच्या चेंबरचा नसू शकतो. मिस्त्री एक तर मॅन्युअलप्रमाणे भरतो किंवा पट्टीप्रमाणे. दोन्ही चुकीचं निघू शकतं, आणि दर वर्षी वेगळा मिस्त्री असल्यामुळे दर वर्षी पातळी वेगळी.

जास्त भरलं तर काय होतं? जुन्या डिझेल इंजिनांत क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतली, वाफ बाहेर सोडायला ब्रीदर पाइप असतो. पातळी चढली की त्या पाइपातून ऑईलचा बारीक फवारा बाहेर पडतो. आता गाडी अशी असेल की इंजिन मागे आणि रेडिएटरही मागे, तर पंखा तो फवारा ओढून थेट इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या जाळीवर मारतो. त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि तेलकट धुळीचा जाड थर तयार होतो. हा थर जाळीच्या इंजिनाकडच्या बाजूला असतो. गाडीच्या मागून टॉर्च मारून बघणाऱ्याला जाळी स्वच्छच दिसते. मग उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापायला लागतं. लोक थर्मोस्टॅट बदलतात, वॉटर पंप बदलतात, कूलंट बदलतात, तरी ते तापतच राहतं. आजार रेड्याला, औषध पखालीला. दोन-तीन लिटर जास्तीचं ऑईल हे त्याचं मूळ असू शकतं, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

ओळखायचं कसं? नवीन ऑईल भरल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत पातळी भराभर उतरते आणि एका जागी येऊन थांबते. गाडीच्या मागच्या बाजूला, मागे जोडून ओढून नेत असलेल्या कारच्या काचेवर, तेलाचे बारीक ठिपके दिसतात. अशा वेळी "इंजिन ऑईल खातंय" म्हणून पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरू नका. ती थांबलेली पातळी बहुधा तुमच्या इंजिनाची खरी पातळी आहे.

एकदाच बसून पट्टीचं माप ठरवून घ्या, हा त्रास कायमचा संपतो. इंजिनावरच्या पाटीवर सिरियल नंबर असतो. तो कंपनीच्या डीलरला सांगितला की तुमच्या इंजिनाला कोणता चेंबर आहे आणि त्यात कमीत कमी, जास्तीत जास्त किती लिटर मावतं, शिवाय फिल्टरमध्ये किती जातं, हे कळतं. पुढच्या वेळी ऑईल बदलताना गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन गरम असताना नट काढा आणि ऑईल पूर्ण निथळू द्या, घाई नको. नवा फिल्टर बसवा. फिल्टरचं माप अधिक कमीत कमीचा आकडा, एवढं ऑईल मोजून घाला. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा घाला आणि काढा. ऑईल जिथे टेकलं तिथे कानशीने बारीक रेघ ओढा, पट्टीच्या धारेवर, म्हणजे ती पुसली जाणार नाही. मग उरलेला फरक ओता, थोडं थांबून पुन्हा बघा, दुसरी रेघ ओढा. फरक साधारण दोन-चार लिटरचा असतो. जुन्या खुणा आणि या रेघा शेजारी शेजारी बघितल्या की पुष्कळदा हसू येतं.

कानशीचा कीस पट्टीवर राहू देऊ नका, नीट पुसून मगच ती नळीत घाला. आणि झाकणाजवळ कायमच्या शाईने लिहून ठेवा: "एकूण इतके लिटर, नव्या रेघा बघा." मिस्त्री कोणीही असो, तो ते वाचतो.

ब्रीदर पाइप कधीही बंद करू नका, आतला दाब सील फोडून बाहेर येईल. पाइपाचं तोंड पंख्याच्या ओढीबाहेर, खाली आणि मागे न्या, किंवा त्याला हवा जाऊ देणारी बाटली लावून ती अधूनमधून रिकामी करा. बऱ्याच नव्या डिझेल इंजिनांत ही वाफ आतल्या आत फिरवतात आणि तिला वेगळा फिल्टर असतो. तो बदलायचा असतो हे पुष्कळांना माहीतही नसतं. जाळीवर थर बसलाच असेल तर इंजिनाच्या बाजूने तेल सोडवणारं द्रावण मारा, ते मुरू द्या आणि बेताच्या धारेने पाणी सोडा. जोराच्या प्रेशरने पत्रे वाकतात.

स्वतः करायचं असेल तर

मजुरी वाचते, आणि काम कसं झालंय ते तुम्हाला माहीत असतं. पण गाडीखाली शिरण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. एअर सस्पेन्शनची गाडी हवेच्या फुग्यांवर उभी असते. फुगा फुटला, नळी निसटली किंवा कुणी आत बटण दाबलं तर चॅसिस क्षणात खाली येते, आणि खाली माणसापुरती जागाही उरत नाही. गाडी सपाट करायचे हायड्रॉलिक पाय हे आधार नव्हेत, त्यांवर भरवसा ठेवून कधीही खाली जाऊ नका. चॅसिसला दिलेल्या जागी गाडीच्या वजनाला पुरतील असे लोखंडी स्टँड लावा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, किल्ली खिशात ठेवा. हे जमत नसेल तर खाली जायचं नाही, मिस्त्री बोलवायचा. यात मी तडजोड मानत नाही.

स्प्रिंटरवाल्यांना ही डोकेदुखी जवळजवळ नाहीच. व्ही-६ चा फिल्टर वरच्या बाजूला असतो आणि पट्टीच्या नळीतून पंपाने ऑईल वरच्या वर ओढून काढता येतं. कोमट ऑईल चांगलं निघतं. उकळतं ऑईल पंपाची नळी मऊ करतं. फिल्टरच्या झाकणाची नवी रबरी रिंग तेल लावून बसवा आणि झाकण २५ न्यूटन-मीटरला थांबवा. ते प्लास्टिकचं आहे, ताकद दाखवली की तडकतं. दोन-तीन वेळांतून एकदा मात्र खालून नट काढून तळाचा गाळ जाऊ द्यावा असं माझं मत.

मोठ्या डिझेल गाडीत खरा गोंधळ धारेचा होतो. वीस-बावीस लिटर गरम ऑईल सुटतं तेव्हा पहिली धार नटाच्या भोकातून तिरकी, हातभर लांब जाते, आणि चेंबर रिकामा होत आला की तीच धार आखडून सरळ खाली पडते. पातेलं पहिल्या धारेखाली ठेवलं तर शेवटची जमिनीवर जाते, आणि एवढं जड पातेलं भरल्यावर सरकवता येत नाही. म्हणून पातेलं आधीच लांबट आणि पंचवीस लिटरच्या वरचं घ्या. नाहीतर सरळ नटाच्या जागी तोटी बसवा. जपानच्या फुमोटो कंपनीसारखी, पाव फेऱ्यात उघडणारी, आडव्या क्लिपने अडकणारी. तिला नळी लावली की धार थेट कॅनमध्ये, हात कोरडे. आटे पुन्हा पुन्हा झिजण्याचा प्रश्नही मिटतो. चेंबर चॅसिसच्या खाली लोंबत असेल तर मात्र दगड लागण्याचा धोका बघून मगच बसवा.

नट ठेवणार असाल तर दर वेळी नवा वायसर. फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्यासोबतच आली का, हे बोट फिरवून बघा. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी चढली, तर इंजिन चालू केल्यावर प्रेशरने ऑईल भसकन बाहेर येतं आणि काही सेकंदांत चेंबरमधलं निम्मं जमिनीवर. नव्या रिंगला तेलाचं बोट लावा, ती टेकल्यावर फिल्टरवर छापलं असेल तितकं हातानेच फिरवा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वर्षी कुणालाच सुटत नाही. इंजिन चालू करून ऑईल प्रेशर आलं की बंद करा आणि खाली टॉर्च मारून बघा.

कामाच्या नोंदी ठेवा: तारीख, किलोमीटर, इंजिनाचे तास, ऑईलच्या डब्याचा आणि फिल्टरचा फोटो, पावती. वॉरंटीचा वाद झाला तर एवढंच तुमच्या बाजूने बोलतं.

जनरेटर विसरू नका

गाडीच्या इंजिनाचे सगळे लाड होतात आणि जनरेटर तसाच राहतो. त्याला किलोमीटर नसतात, फक्त तास असतात, आणि ते भराभर जातात. कमिन्स ओनानच्या बऱ्याच पेट्रोल जनरेटरांना दर १५० तासांनी किंवा वर्षातून एकदा ऑईल बदलायला सांगितलंय, अगदी नव्याला पहिल्यांदा २० तासांनी. सलग एसी लावून चालवला तर १५० तास म्हणजे सव्वासहा दिवस. ताशी साठच्या वेगाने गाडी तेवढे तास चालली असती तर नऊ हजार किलोमीटर झाले असते. थोडंसंच ऑईल घेणाऱ्या त्या छोट्या इंजिनाकडून एवढी अपेक्षा असते, आणि पातळी उतरली तर बरेच जनरेटर स्वतःला बंद करतात. उन्हात "जनरेटर मध्येच बंद पडतो" अशी तक्रार असेल तर आधी पट्टी बघा, मग बाकीचं. काम सोपं आहे, बऱ्याचदा गाडीखाली शिरावं लागत नाही. गाडी न्यायची नसेल तरी हे एवढं घरी करा, वर्कशॉपच्या बिलातली एक ओळ कमी होते.

जुनं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये भरून जिथे ते परत घेतात तिथेच द्या. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका ऑईल बदलातून निघालेलं ऑईल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, आणि मोठ्या डिझेल गाडीत तर एका कारच्या पाच-सहा पट ऑईल असतं. कूलंट, पेट्रोल किंवा ब्रेक ऑईल त्यात मिसळू नका. मिसळलेलं घ्यायला ते नकार देतात, आणि मग तो कॅन गॅरेजच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहतो. फिल्टर भोक पाडून रात्रभर पातेल्यावर उलटा ठेवा, त्यातूनही बरंच निथळतं. कॅन नेताना गाडीच्या आत ठेवू नका, खालच्या सामानाच्या कप्प्यात उभा बांधून न्या.